कुकी आणि संमती : एका छोट्या नोंदीचा तीस वर्षांचा इतिहास

१/
संकेतस्थळ उघडताच पडद्याच्या तळाशी एक पट्टी उगवते : ‘आम्ही कुकीज वापरतो.’ बहुतेकदा आपण ती न वाचताच ‘मान्य’वर टिचकी मारतो आणि पुढे जातो. ही पट्टी आली कोठून? तिच्यावर ‘नाकारा’ हे बटणही असले पाहिजे, असे कोणी ठरवले? आणि संकेतस्थळ चालवणाऱ्याने नेमके काय केले म्हणजे नियम पाळला गेला असे होते? या मंडळीत किल्ल्यांची, नाण्यांची, शिलालेखांची संकेतस्थळे चालवणारे अनेक तरुण आहेत. त्यांच्यासाठी हा इतिहास केवळ रंजक नाही, उपयोगाचाही आहे. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/
आरंभ विसरभोळेपणापासून होतो. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत विश्वजालाची उभारणी केली, तेव्हा पाने मागवण्याची जी पद्धत (एचटीटीपी) आखली, तिला स्मरणशक्ती नव्हती. तुम्ही एक पान मागितले, सर्व्हरने ते दिले, व्यवहार संपला. दुसरे पान मागितलेत की तुम्ही त्याच्या लेखी पुन्हा अनोळखी. शोधनिबंध वाचण्यासाठी ही व्यवस्था उत्तम होती. दुकान चालवण्यासाठी मात्र निरुपयोगी, कारण टोपलीत टाकलेली वस्तू पुढच्या पानावर जाईपर्यंत नाहीशी व्हायची.

३/
१९९४ साली नेटस्केप ही कंपनी एमसीआय या दूरसंचार कंपनीसाठी खरेदी-विक्रीची प्रणाली तयार करत होती. एमसीआयची अट अशी की अर्धवट राहिलेल्या खरेदीची नोंद आमच्या सर्व्हरवर साठवायची नाही. मग ती ठेवायची कोठे? लू माँटुली या तेविशीतल्या अभियंत्याने उत्तर काढले : नोंद ग्राहकाच्याच संगणकावर ठेवावी. सर्व्हरने एक छोटी खूण द्यावी, ब्राउझरने ती जपावी आणि पुढच्या भेटीत परत दाखवावी.

४/
नावाविषयी थोडेसे. युनिक्स प्रणालीवर काम करणाऱ्यांमध्ये ‘मॅजिक कुकी’ हा शब्द आधीपासून रूढ होता. घेणाऱ्याला जिचा अर्थ कळण्याची गरज नाही, केवळ जशीच्या तशी परत करायची, अशी खूण म्हणजे मॅजिक कुकी. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणारा बिल्ला. त्यावरच्या आकड्याचा तुम्हाला उपयोग नाही. चपला सांभाळणाऱ्याला मात्र त्यावरून तुमचा जोड नेमका सापडतो.

५/
माँटुली यांच्यासमोर याहून सोपा पर्याय होता : प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक देऊन टाकणे. तो त्यांनी बाजूला ठेवला, कारण त्या क्रमांकावरून कोणालाही एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर माणसाचा माग काढता आला असता. म्हणून कुकीला बंधन घातले गेले की जिने ती दिली, तिलाच ती परत मिळेल. एका देवळाचा बिल्ला दुसऱ्या देवळात चालणार नाही. म्हणजे खासगीपणाचा विचार पहिल्याच आराखड्यात होता. ऑक्टोबर १९९४मध्ये नेटस्केपच्या चाचणी आवृत्तीतून कुकी बाहेर पडली. तिचा पहिला उपयोगही साधाच होता : नेटस्केपच्या संकेतस्थळावर आलेला माणूस पूर्वी येऊन गेला आहे का, एवढेच पाहणे.

६/
पण या तटबंदीत एक दिंडी उघडी राहिली. संकेतस्थळाच्या पानावरचे प्रत्येक चित्र त्याच सर्व्हरवरून येते असे नाही. बातम्यांच्या पानावर जाहिरातीचे चित्र असेल, तर ब्राउझर ते जाहिरात कंपनीच्या सर्व्हरकडून मागवतो, आणि त्या मागणीच्या उत्तरात ती कंपनी स्वतःची कुकी ठेवून जाते. तुम्ही उद्या पाककृतींच्या पानावर गेलात आणि तेथेही त्याच कंपनीची जाहिरात असली, की कालची कुकी तिला परत मिळते. ‘जिने दिली तिलाच परत’ हा नियम अक्षरशः पाळला गेला. तरी तुम्ही काल बातम्या आणि आज पाककृती वाचल्यात, हे एका तिऱ्हाइताला कळले. यालाच तृतीय पक्षाची कुकी म्हणतात. पुढचा सारा तंटा मुख्यतः तिच्याभोवती फिरतो.

७/
इतिहासाच्या वाचकांना येथे दस्तक आठवावे. १७१७च्या फर्रुखसियरच्या फर्मानाने ईस्ट इंडिया कंपनीला बंगालमध्ये जकातमाफी मिळाली. सवलत कंपनीच्या व्यापारासाठी होती. कंपनीच्या नोकरांनी तेच परवाने आपल्या खासगी मालासाठी दाखवायला सुरुवात केली. कागद खरा, शिक्का खरा, हेतू मात्र पार बदललेला. कुकीचेही तसेच झाले.

८/
वापरणाऱ्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. ब्राउझर कुकी स्वीकारताना विचारत नसे, सांगतही नसे. १२ फेब्रुवारी १९९६ रोजी ‘फायनान्शियल टाइम्स’ या वृत्तपत्रात कुकीवर लेख आला आणि सामान्य वाचकांना प्रथमच कळले की आपल्या संगणकावर परके लोक नोंदी ठेवत आहेत. गदारोळ झाला. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाच्या १९९६ आणि १९९७च्या सुनावण्यांत हा विषय चर्चेला आला.

९/
आता या कथेतले सर्वांत महत्त्वाचे वळण. त्याची चर्चा फारच कमी होते, म्हणून येथे जरा थांबतो.

इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणारी मंडळी १९९५पासून कुकीचे प्रमाणीकरण करत होती. बेल लॅब्जचे डेव्हिड क्रिस्टॉल आणि स्वतः माँटुली यांनी लिहिलेला दस्तऐवज फेब्रुवारी १९९७मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा क्रमांक आरएफसी २१०९. तृतीय पक्षाच्या कुकीचा धोका त्यांनी स्पष्ट ओळखला होता. त्यांचा नियम असा : ब्राउझरने अशा कुकी मुळातच स्वीकारू नयेत, स्वीकारण्याची सोय ठेवायचीच असेल, तर ती आरंभी बंद असावी आणि वापरणाऱ्याने स्वतः उघडावी.

हा नियम पाळला गेला असता तर? प्रत्येक संकेतस्थळावर पट्टी लावण्याची वेळ बहुधा आलीच नसती. प्रश्न ब्राउझरमध्ये, एका ठिकाणी, एकदाच सुटला असता. पण नेटस्केपने तो पाळला नाही, मायक्रोसॉफ्टनेही नाही. नवा उद्योग जाहिरातींवर उभा राहत होता आणि जाहिरात कंपन्यांना ही दिंडी उघडी हवी होती.

१०/
माँटुली यांची भूमिका येथे गुंतागुंतीची आहे. प्रमाण लिहिणाऱ्यांत ते होते, आणि तृतीय पक्षाच्या कुकी बंद कराव्यात का, हा निर्णय नेटस्केपमध्ये त्यांच्याच पुढे आला. त्यांनी त्या चालू ठेवल्या. त्यांचा युक्तिवाद असा की कुकी बंद केली तर जाहिरातदार याहून छुपा मार्ग शोधतील. कुकी निदान दिसते आणि पुसता येते. पुढे ब्राउझरची बारीकसारीक वैशिष्ट्ये जुळवून माणूस ओळखण्याच्या पद्धती निघाल्या, हे पाहता त्या युक्तिवादात तथ्य होते. तरीही आरंभीची स्थिती ‘चालू’ ठेवणे हा तटस्थ निर्णय नव्हताच. बहुतेक माणसे आरंभीची स्थिती कधीच बदलत नाहीत, हे जाहिरातदारांना पुरते ठाऊक होते.

११/
परिणाम लवकरच दिसले. डबलक्लिक ही जाहिरात कंपनी अनेक संकेतस्थळांवर कुकी ठेवत असे. पण ती माणसाला नावाने ओळखत नव्हती. १९९९मध्ये तिने अबॅकस डायरेक्ट ही कंपनी विकत घेतली. अबॅकसकडे टपालाने खरेदी करणाऱ्या अमेरिकी कुटुंबांची नावे, पत्ते आणि खरेदीच्या नोंदी होत्या. कुकीचा क्रमांक आणि घराचा पत्ता एकाच वहीत येणार, हे दिसताच विरोध उसळला, व्यापार आयोगाकडे तक्रार गेली आणि मार्च २०००मध्ये कंपनीला ही जोडणी थांबवावी लागली. २००८मध्ये डबलक्लिक गूगलच्या मालकीची झाली.

१२/
संकेतस्थळ चालवणाऱ्यांवर थेट बंधन घालणारा एक आरंभीचा नियम अमेरिकी सरकारने स्वतःच्याच खात्यांना लावला. व्हाइट हाऊसच्या अमली पदार्थविरोधी कार्यालयाच्या मोहिमेत जाहिरात कंपनीच्या कुकी वापरल्याचे उघड झाले आणि जून २०००मध्ये आदेश निघाला : सबळ निकड, ठळक सूचना, जाहीर केलेली सुरक्षेची व्यवस्था आणि खात्याच्या प्रमुखाची वैयक्तिक मंजुरी असल्याशिवाय कुकी ठेवू नये.

आदेश स्पष्ट होता. तरी डिसेंबर २००५मध्ये राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे एनएसएच्या, संकेतस्थळावर दीर्घकाळ टिकणाऱ्या कुकी सापडल्या. त्यांची मुदत २०३५पर्यंत होती! खुलासा असा आला की आज्ञावलीची नवी आवृत्ती बसवली, तिच्यात ही सोय आधीच चालू होती. जगभर कान लावून बसणाऱ्या संस्थेला आपल्याच दारात काय चालले आहे, याचा पत्ता नव्हता. हा प्रसंग प्रत्येक संकेतस्थळचालकाने लक्षात ठेवावा. नियमभंग पुष्कळदा असाच होतो, आयत्या आणलेल्या जोडसाधनातून.

१३/
युरोपची वाट वेगळी होती. जर्मनीतील हेसेन राज्याने १९७०मध्येच विदासंरक्षणाचा कायदा केला होता. सरकारी नोंदवहीतून माणसे निवडून काढली जाण्याचा अनुभव तेथील पिढीने घेतला होता, त्यामुळे ‘नोंद’ या शब्दाकडे पाहण्याची नजरच निराळी. १९९५मध्ये सर्व युरोपीय संघासाठी निर्देश आला. २००१मध्ये युरोपीय संसदेत कुकीसाठी पूर्वसंमती घ्यावी असा विचार पुढे आला. जाहिरात उद्योगाने कडाडून विरोध केला आणि २००२च्या अंतिम निर्देशात एवढेच उरले की माहिती द्या आणि नकाराचा हक्क द्या. मग धोरणाच्या लांबलचक पानात खाली कोठेतरी एक वाक्य टाकून संकेतस्थळे मोकळी झाली.

१४/
२००९मध्ये तोच निर्देश सुधारला गेला आणि ‘नकाराचा हक्क’ जाऊन ‘संमती’ आली. अंमलाची तारीख २५ मे २०११. पट्टीचा जन्म येथे झाला.

ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने आधी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रामाणिकपणे पट्टी लावली. वाचकाने चौकटीत खूण केली तरच भेटी मोजणारी कुकी बसत असे. परिणाम? नोंदल्या जाणाऱ्या भेटी सुमारे ९० टक्क्यांनी घसरल्या. लोक येत होतेच, फक्त कोणी खूण करत नव्हते. विचारल्यावर माणसे काय उत्तर देतात, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. इतर संकेतस्थळांना एक वर्षाची सवलत होती. ती संपता संपता, मे २०१२मध्ये, कार्यालयाने भूमिका सैल केली : वाचक पुढे वाचत राहिला तर ती गर्भित संमती मानता येईल. जानेवारी २०१३मध्ये स्वतःची पट्टीही बदलली. नियम राहिला, त्यातला प्राण गेला.

१५/
त्याच २०१२मध्ये युरोपच्या विदासंरक्षण प्राधिकरणांच्या गटाने एक उपयुक्त मतपत्र काढले. संमती कशाला लागत नाही, हे त्यात सांगितले होते. निकष दोन : केवळ संदेश पोहोचवण्यासाठी जी कुकी लागते ती, आणि वाचकाने स्वतः मागितलेली सेवा जिच्यावाचून देताच येत नाही ती. खरेदीची टोपली, प्रवेशानंतरची ओळख, निवडलेली भाषा या गोष्टी सूट मिळणाऱ्या. जाहिराती आणि समाजमाध्यमांचा माग यांना सूट नाही. भेटी मोजणाऱ्या साधनांचा धोका कमी असला, तरी त्यांनाही आपोआप सूट नाही. ‘संकेतस्थळासाठी आवश्यक’ म्हणजे वाचकासाठी आवश्यक. चालकाला सोयीचे असणे म्हणजे आवश्यक असणे नव्हे. हा फरक आजही सर्वांत जास्त चुकवला जातो.

१६/
२५ मे २०१८ रोजी जीडीपीआर लागू झाला आणि गर्भित संमतीचा काळ संपला. मौन, आधीच खूण केलेली चौकट किंवा निष्क्रियता म्हणजे संमती नाही, असे त्याच्या प्रस्तावनेतच लिहिले आहे.

कसोटी लागली ती एका सोडतीच्या संकेतस्थळामुळे. प्लॅनेट४९ या जर्मन कंपनीने २०१३मध्ये सोडत काढली. कुकीच्या चौकटीत खूण आधीच केलेली होती. ग्राहक संघटना न्यायालयात गेल्या. १ ऑक्टोबर २०१९ रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला : आधीच केलेली खूण ही संमती नाही. कुकीतील माहिती वैयक्तिक असो वा नसो, नियम तोच. शिवाय कुकी किती काळ टिकेल आणि ती आणखी कोणाला वाचता येईल, हेही सांगावे लागेल.

१७/
‘आमच्याकडे कुकी नाहीच’ म्हणणाऱ्यांसाठी दोन निकाल. जुलै २०१९मध्ये फॅशन आयडी या कपड्यांच्या विक्रेत्याविषयी युरोपीय न्यायालय म्हणाले की फेसबुकचे ‘लाइक’ बटण पानावर बसवले, की गोळा होऊन पुढे जाणाऱ्या माहितीची जबाबदारी विक्रेत्यावरही येते. आणि जानेवारी २०२२मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने एका संकेतस्थळचालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली. त्याने गूगलच्या सर्व्हरवरून अक्षरवळण मागवले होते, त्यामुळे वाचकाचा आयपी पत्ता संमतीविना गूगलकडे गेला. तेच अक्षरवळण स्वतःच्या सर्व्हरवर ठेवले असते तर प्रश्नच उद्भवला नसता. रक्कम क्षुल्लक आहे, तत्त्व मोठे.

१८/
‘नाकारा’ बटणाचे श्रेय मुख्यतः फ्रान्सच्या सीएनआयएल या प्राधिकरणाला द्यावे लागेल. ऑक्टोबर २०२०च्या मार्गदर्शनात त्याने सांगितले की नाकारणे हे स्वीकारण्याइतकेच सोपे असले पाहिजे, आणि मार्च २०२१च्या अखेरीपर्यंत मुदत दिली. जानेवारी २०२२च्या आरंभी दंड जाहीर झाले : गूगलला १५ कोटी युरो, फेसबुकला ६ कोटी. दोष काय, तर स्वीकारायला एक टिचकी आणि नाकारायला अनेक. त्यानंतर काही महिन्यांतच गूगलच्या युरोपातील पट्टीवर ‘सर्व नाकारा’ अवतरले.

१९/
आता संकेतस्थळचालकाच्या कामाचे पाहू. वरचा इतिहास वाचल्यावर ते फारसे अवघड उरत नाही.

आधी एनएसएचा धडा : स्वतःची झडती घ्या. ब्राउझरची साठवण रिकामी करून आपलेच संकेतस्थळ उघडा आणि विकसकांसाठीच्या साधनांत पाहा, काहीही न दाबता कोणकोणत्या कुकी बसल्या, कोणकोणत्या परक्या सर्व्हरकडे मागणी गेली. चित्रफितींची चौकट, नकाशा, अभिप्रायाचे साधन, समाजमाध्यमांची बटणे यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे. मग प्रत्येकीविषयी विचारा : हिच्यावाचून वाचकाचे काय अडते? काहीच अडत नसेल तर ती काढून टाकावी. माझ्या मते निम्मे काम येथेच संपते, आणि ज्याच्याकडे सूट नसलेली कुकीच उरत नाही, त्याला पट्टी लावण्याचेही कारण राहत नाही.

जे उरेल, ते संमती मिळेपर्यंत चालूच होता कामा नये. पुष्कळ संकेतस्थळांवर पट्टी दिसते, पण तिच्यामागे कुकी केव्हाच बसलेल्या असतात. तो निव्वळ देखावा झाला. ‘मान्य’ आणि ‘नाकारा’ एकाच पातळीवर, सारख्या ठळकपणे असावेत. हेतू वेगवेगळे असतील तर संमतीही वेगवेगळी घ्यावी. दिलेली संमती मागे घेण्याचा दुवा प्रत्येक पानावर सहज सापडावा. आणि कोणी, केव्हा, कोणत्या मजकुराला संमती दिली, याची नोंद ठेवावी, कारण संमती मिळाली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी चालकावर असते.

पुण्यातून चालणाऱ्या संकेतस्थळाला युरोपचा कायदा कशाला, असे कोणी विचारील. तुम्ही जर्मनीतील मराठी कुटुंबांना उद्देशून तेथे पुस्तके विकत असाल किंवा तेथील वाचकांच्या वर्तनाचा माग ठेवत असाल, तर तो तुम्हालाही लागू होतो.

२०/
दरम्यान १९९७ची मूळ कल्पना, म्हणजे प्रश्न ब्राउझरमध्येच सोडवावा ही, वारंवार डोके वर काढत राहिली. ‘डू नॉट ट्रॅक’ हा संकेत ब्राउझरांनी पाठवला, पण तो मानण्याची सक्ती नव्हती, म्हणून तो वाया गेला. त्याचे प्रमाण ठरवणारा गट जानेवारी २०१९मध्ये गुंडाळला गेला. सफारीने मार्च २०२०मध्ये तृतीय पक्षाच्या कुकी सरसकट अडवल्या. क्रोमनेही जानेवारी २०२०मध्ये दोन वर्षांत त्या बंद करू असे जाहीर केले, मग तारखा ढकलत नेल्या आणि जुलै २०२४मध्ये बेत सोडला. क्रोम ज्या कंपनीचा आहे तिचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींचे, हे विसरून हा निर्णय समजत नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये युरोपीय आयोगाने मांडलेल्या प्रस्तावात पट्ट्या कमी करून वाचकाची निवड ब्राउझरमधून एकदाच कळवण्याची तरतूद आहे. आरएफसी २१०९ला तोवर २८ वर्षे होऊन गेली होती.

२१/
भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. कायद्याचा पहिला मसुदा २०१८मध्ये न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने दिला. १९९२-९३च्या मुंबई दंगलींची चौकशी केली तेच हे श्रीकृष्ण. पुष्कळ फेरफारानंतर डिजिटल वैयक्तिक विदासंरक्षण कायदा ऑगस्ट २०२३मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७मध्ये, लागू होतील.

२२/
या कायद्यात ‘कुकी’ हा शब्द नाही. कुकीतून माणूस ओळखता येत असेल तर ती वैयक्तिक विदा ठरते, आणि मग संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त, निःसंदिग्ध आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असावी लागते. ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे हवे. सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती वापराला कायद्यातून सूट आहे. पण जाहिराती दाखवणाऱ्या सार्वजनिक संकेतस्थळाने तिच्यावर भिस्त ठेवू नये, असे मला वाटते. इतिहासाच्या संकेतस्थळांनी आणखी एक कलम पाहावे : १८ वर्षांखालील वाचक कायद्याच्या दृष्टीने बालक आहे, आणि सर्वसाधारणपणे त्याचा माग ठेवता येत नाही की त्याला लक्ष्य करून जाहिराती दाखवता येत नाहीत. गडकोटांवरचे लेख वाचणाऱ्यांत शाळकरी मुले किती असतात, हे आपण जाणतोच.

आणि शेवटची तरतूद. संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. त्यात मराठी आहे, कोकणीही आहे. आज मराठी संकेतस्थळांवरही कुकीची पट्टी अनेकदा इंग्रजीतच दिसते. ती सुबोध मराठीत लिहायला मे २०२७पर्यंत अवधी आहे.